कोथिंबिरीचं अंतर

माहितीपत्रकात लिहिलं होतं: गंजगोलाई, फक्त बारा मिनिटं.
कुणाची बारा, ते नव्हतं लिहिलं.

रिंग रोडला आमचा प्लॉट नंबर एकेचाळीस.
पार्किंग दोन गाड्यांचं, देवघर दीड फुटाचं.
कोथिंबीर संपली, गाडी काढा.
तापाची गोळी हवी, गाडी काढा.
पाय मोकळे करायचे, तरी गाडी काढा,
बागेपर्यंत जा आणि मग चाला.

यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं,
डॉक्टर म्हणाले, महिनाभर स्टिअरिंगला हात नाही.
मला चालवता येत नाही.
शेजारच्या सीटवर बसून वीस वर्षं
मी ‘हळू’ एवढंच म्हणत आले.

चार दिवस नुसतं वरण.
पाचव्या दिवशी पिशवी घेतली नि निघाले.
गेटवरचा केरबा उठून उभाच राहिला,
‘म्याडम, चालत? कामून?
सायेब बरे हायत न्हवं?’

गेटातून डावीकडे, मग भिंत, मग आणखी भिंत,
फुटपाथच्या जागी मुरूम, मुरमात बाभळीचे काटे,
ट्रक गेला की पदर तोंडावर,
मग नाला, नाल्याला वळसा.
जाऊन येऊन पाऊण तास.
जुडीनं वाटेतच मान टाकलेली.

आणि दुकान कुठलं, तर मैमूना आपाचं,
पत्र्याचं, आमच्या भिंतीला लागूनच पलीकडे.
तिच्या कुकरच्या शिट्ट्या
मी माझ्या ओट्यापाशी मोजते.

टेक्सासहून भाची फोनवर हसली.
‘मावशी, मी दुधाला पायी निघाले
तर पोलिसांनी गाडी थांबवून विचारलं, मदत हवी का?’
म्हटलं, आमचा केरबा तिथंही पोचला म्हणायचा.

महिना सरत आला तेव्हा भिंतीतल्या विटा निघाल्या.
आधी तीन. हात जाईल एवढ्या.
नंतर माणूस वाकून जाईल एवढ्या.
सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणालाच काही माहीत नव्हतं.
पहार केरबाच्या खोलीत होती, ती कुणी पाहिली नाही.
मी मोजलं: ओट्यापासून आपापर्यंत एकशे बारा पावलं.

यांचा डोळा बरा झाला.
कव्हर काढलं, किल्ली फिरवली,
गाडी नुसतीच खाकरली. बॅटरी उतरलेली.
धक्का द्यायला आपाची तिन्ही पोरं आली,
त्याच भगदाडातून, एकामागून एक.

आता सेक्रेटरींनी विटा मागवल्यात.
गेटपाशी रचून ठेवल्यात दोन आठवड्यांपासून.
केरबा म्हणतो, गवंडीच मिळंना झालाय, म्याडम.