अर्ध्या बटाट्याचा डोंगर

भूगोलाला नेहमी जेवणानंतरचा तास मिळतो.
त्यातून परीक्षा जवळ आली
की गणिताच्या वाघचौरेबाई दारात येऊन
नुसत्या हसतात,
आणि मी खडू ठेवून बाहेर पडते.
आज मात्र पिशवीतून सुरी आणलीय.

नववी ब. असल्फा, महापालिकेची शाळा, तिसरा मजला.
टेबलावर चार बटाटे, विणायची एक सुई,
घरचा पोळपाट.
मागच्या बाकावरून कुणीतरी, "मॅडम, भाजी?"
"डोंगर," मी म्हणते.

बटाटा लांबीत कापायचा, सपाट बाजू खाली.
वरून आरपार सुई: हे शिखर.
मग आडवे काप, सारख्या जाडीचे,
एकेक काप कागदावर ठेवून
कडेकडेने पेन्सिल फिरवायची,
भोकावर भोक आणून.
मोठ्यात लहान, लहानात त्याहून लहान,
बघता बघता डोंगर
कागदावर आडवा होतो.

"समोच्च रेषा लांब लांब, तर उतार मंद.
जवळ जवळ, तर उतार तीव्र."
माना खाली जातात. नववी ब हे वाक्य
आधीच्या सगळ्या वाक्यांसारखंच उतरवून घेते.
फक्त दीपेश घाणेकर म्हणतो,
मग आमच्या गल्लीत रेषा मोजताच यायच्या नाहीत,
सिलिंडरवाला खालीच थांबतो,
वर न्यायचे साठ रुपये जास्त.
"पायऱ्या किती?"
"एकशे चौऱ्याऐंशी."
"हट्, टाकीपर्यंत एकशे एक्याण्णव!"
वाद पेटतो. मी पेटू देते.
पुस्तकात ह्याला क्षेत्रभेट म्हणतात
आणि तिला मुख्याध्यापकांची सही लागते.

मग नम्रता खरटमोल.
तिचा आवाज एरवी हजेरीपुरता.
"मॅडम, रेषा एकमेकींना चिकटल्या तर?"
"तर कडा. सरळ तुटलेला."
"तसा आमच्या मागं आहे."

ती टेबलाशी येते,
उरलेला अर्धा बटाटा पालथा घालते,
सुरी उभी धरते
आणि एका बाजूने थेट खाली,
घरी रोज कापणाऱ्या हाताने.
"इथं खाण होती. आजोबा होते कामाला.
दगड कुठं गेले माहीत नाही."
मग कापलेल्या कडेखाली, पोळपाटावर,
बोट टेकवते.
"आणि हितं आम्ही."

पडलेला तुकडा अजून डुलतोय.

वीस वर्षं मी कडा शिकवतेय.
दरवर्षी फळ्यावर सह्याद्री काढते,
पूर्वेला पायरीपायरीने उतरणारा,
कोकणाकडे खडूचा एकच उभा फटका.
त्या फटक्याच्या पायथ्याला
मी कधी काही काढलं नव्हतं.

"भिंत घातलीय का मागं?"
"घातलीय. पण शिंद्यांच्या घरापर्यंतच."

"बरं," मी म्हणते, कारण दुसरं काही सुचत नाही,
"नकाशाला शीर्षक हवं, सूची हवी, दिशा हवी.
उत्तर कुठली?"
ती खिडकीतून वर बघते.
विमान उतरायला चाललंय, चाकं काढून,
इतकं खाली की फळा थरथरतो.
"हे जातंय ती पश्चिम," ती म्हणते,
त्याच्याकडे तोंड करून उभी राहते
आणि उजवा हात लांब करते.
होकायंत्र माझ्या कपाटात आहे.
किल्ली शिपायाकडे.

तिच्या कागदावर एका अंगाला
सगळ्या रेषा मिळून एकच जाड रेघ झाली,
खाली नखाएवढा चौकोन.
सूचीत तिने लिहिलं: घर.
शीर्षकाची जागा मोकळी.

घंटा झाली. बटाटे दीपेशने नेले,
शिसं लागलंय, सोलून घे, म्हटलं.
नम्रताने आपला अर्धा नेला नाही.
तुटलेला तुकडा परत जागेवर लावून,
त्यातून सुई तिरकी खुपसून
टेबलावर ठेवून गेली.
शुक्रवारपर्यंत तो तसाच होता,
काळा पडत, आक्रसत, पण धरून.

मी सुई काढली नाही.
नाशिकच्या भाच्याचा स्वेटर
त्या आठवड्यात काखेपाशीच अडला.