वंशावळ

गिरीपेठेत, जातपडताळणीच्या फाटकासमोर
माझं टेबल. एक पाय आखूड, खाली वीट.
टाइपरायटरचा ‘ळ’ उमटत नाही,
म्हणून इथं येणाऱ्या प्रत्येकाची वंशाव
मी पेनानं पुरी करतो.

आज सिरोंच्याकडून पोचूबाई सिडाम आली,
रात्रभर एसटीत बसून, नातीचं मनगट धरून.
नात ज्योत्स्ना. नर्सिंगला नंबर लागलाय,
पण आधी सिद्ध करायचं आहे
की ती आहे.

‘पन्नासच्या आधीचा पुरावा?’
मला विचारावंच लागतं.
म्हातारी पदर सारून हात पुढे करते :
मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण,
हिरवट, सुरकुत्यांत वाकडं झालेलं.
‘हे आधीचंच हाय.’
मी झेरॉक्सवाल्याकडं बघतो.
तो हसत नाही.

मग ती सांगते, सोडा न घालता, थेट.
आजा प्राणहितेच्या पलीकडचा, निजामाच्या मुलखातला.
चौकीदारानं उभी ज्वारी पेटवली
तेव्हा रातोरात डोंग्यातून अलीकडं आला,
कोंबडा बगलेत, देव फडक्यात.
अलीकडं इंग्रज.
त्यानं काही पेटवलं नाही. झाडांना नंबर दिले
आणि झाडांखालच्या माणसांना दंड.
म्हणून इंद्रावती ओलांडून बस्तरात.
तिथं बेगार. साहेबाची खाट, साहेबाची पेटी,
साहेबाची आजारी बायको,
सगळं खांद्यावर, डोंगर चढून.
परत फिरला तेव्हा एक खांदा खाली गेलेला,
तो मरेपर्यंत खालीच.

‘तीन राजे झाले, बाबू.
कोणीच आमचं नाव पुसलं नाही.
खांदा पाहिजे होता, नाव कायले?
आता हे चवथे. हे पुसतात.’

पुसतात.
मी तो शब्द टाइप करत नाही,
पण बोटं थोडा वेळ त्याच्यावरच थांबतात.

हे शहर तरी कुणी वसवलं?
महालात गेलात तर त्या राजाच्या किल्ल्याचं दार अजून दिसेल.
पुढं शेजारून मदतीला आलेले राहूनच गेले,
आणि किल्ला त्याच्याकडं ठेवून
किल्ल्या आपल्याकडं घेतल्या.
आता त्याची माणसं बसस्टँडवरून ऑटो करतात
आणि पत्ता विचारतात
आपण कोण आहोत हे ठरतं, त्या ऑफिसचा.

माझा बाप परधान.
बाना खांद्याला लावून तो आमच्या ठाकुरांच्या घरोघर जायचा,
दर तिसऱ्या वर्षी, मोहं फुलायच्या आत.
ओसरीत बसून त्यांच्या पिढ्या गायचा :
कोण कुठून निघाला, कोणत्या नदीला भ्याला,
कुणी देव साजाच्या झाडात ठेवला.
साक्षांकित प्रत कुणी मागितली नाही.
एखादं नाव चुकलं
तर कोपऱ्यातला म्हातारा खोकायचा.
तेवढीच पडताळणी.
निघताना पायलीभर कोदो, एकदा पितळेचा लोटा,
एकदा तर गोऱ्हा.

मी पानाचे तीस रुपये घेतो.
बाना घरी खुंटीला आहे. बायको दिवाळीला पुसते.
(हे पुसणं वेगळं.)

शेवटी मजकूर वाचून दाखवावा लागतो, नियमच आहे.
मी सुरू केलं : ‘अर्जदार ज्योत्स्ना,
तिचा बाप मल्लेश, त्याचा बाप लच्चा,
त्याचा बाप बोंदा...’
फाटकापाशी कुणाची तरी मोटारसायकल फुरफुरत होती,
टोकन पुकारत होते, बत्तीस, तेहेतीस,
आणि मला उशिरा कळलं
की माझा आवाज सरळ चालत नाहीये,
प्रत्येक बापापाशी थोडा चढतो,
थोडा थांबतो, खाली येतो,
आणि उजवा हात हवेत काहीतरी ओढतो आहे.

ज्योत्स्ना बघत राहिली.
मी घाईनं पुढचं वाचलं :
‘बोंदाचा बाप भीमा...’

पोचूबाई खोकली.

मी कागद काढला.
नवा घातला.