निरंक

सकाळी साडेआठला मी पर्जन्यमापकाचं नरसाळं काढते.
बाटलीत एक मुंगळा, कोरडा.
वहीत लिहिते: निरंक.

मग वर मोथ्याला फोन.
फुलवंती भिलावेकर ओरडूनच बोलते,
तिच्या पत्र्यावर इतका कोसळतोय
की आकडा दोनदा विचारावा लागतो.
"ब्याऐंशी! आठावर दोन!"
मागे कुणीतरी म्हैस हाकलतं.
लाकडं पेटत नाहीत म्हणते, आणि ठेवते.

आमच्यामध्ये एकोणीस किलोमीटर वळणं
आणि सातशे मीटर चढ.
ढग तोच.
काल चार वाजता माझ्या अंगणावरून गेला,
पोटात जड,
उधारी असलेल्या गिऱ्हाइकासारखा
दुकानाकडे न बघता.

एसटीचे कंडक्टर इंगोले
तिकिटाच्या यंत्राला पिशवी गुंडाळतात
ती नेमकी सातव्या वळणावरच्या आवळ्यापाशी.
अलीकडे चाकाखाली धूळ,
पलीकडे खिडक्या लावा म्हणेस्तोवर
मांड्या ओल्या.
झाडाचंही तसंच: अर्धं खोड शेवाळलेलं,
अर्धं आमच्याकडचं.

एकदा फुलवंतीला विचारलं, असं काऊन?
"ढगालेबी चढ लागते, बाई.
दम भरला का वझं टाकते.
आमी नाही का मोळी टाकत?"
मी हे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं.
तहसिलातून फोन आला, खोडा.
खोडलं, पण एकाच रेघेनं,
वाचता येईल असं.

मंगळवारी रात्री आमच्याकडे चांदणं होतं.
दोरीवर कपडे वाळत होते.
दोनच्या सुमारास नाल्यातून
दगडावर दगड घासल्याचा आवाज आला,
आणि बेडूक एकदम गप्प झाले.

उजाडता शाळेच्या दुसऱ्या पायरीला पाणी,
लाल, वरच्या मातीचं.
त्यात सागाची पानं, कॉफीची फांदी,
एक निळी बादली, कडी तुटलेली.
मी साडी खोचून गुडघाभर पाण्यातून गेले,
मापकाच्या ओट्यावर चढले,
नरसाळं काढलं.
कोरडं.

नियम असा की वरून पडेल तेच मोजायचं.
चालत आलेल्या पाण्याला रकाना नाही.
ओल्या बोटांनी लिहिलं: निरंक.
शाई थोडी पसरली.

फोन लावला तर आकड्याआधी तिनंच विचारलं,
"पोचलं का?"
पोचलं, म्हटलं. एक बादलीही आली. निळी.
पलीकडे नुसता पत्रा वाजत राहिला.
मग म्हणाली,
"ठेव तुमच्यापाशीच. इथं भरूनच राह्यते."