ह्यातली कोणती

दिवसभर मी लोकांना हलू देत नाही.
हनुवटी थोडी खाली, डोळे उघडे, मागे पांढरा पडदा.
आधार, पासपोर्ट, पोलीसभरती.
इतवारीतल्या माझ्या सव्वा खणाच्या दुकानात
माणूस सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या हिश्श्यापुरता
स्वतःसारखा दिसतो
आणि सुटे पैसे मोजत निघून जातो.

रात्री उलटं.
दिघोरी नाक्याजवळ एक इमारत अर्धी उभी आहे,
सहा मजले झाले आणि बिल्डरचं कुठंतरी बिनसलं.
चौकीदार रामरतन उईके मला वर सोडतात
एका खर्ऱ्यावर, आणि मी पडणार नाही या बोलीवर.
चैत्रातला स्लॅब अकरा वाजताही तव्यासारखा;
खालच्या कूलरांमधल्या ओल्या खसाचा वास
सहा मजले चढून येतो,
गारवा येत नाही.

तिपाईच्या पोटाला विटांची पिशवी टांगतो.
तीस सेकंद.
शटर उघडं राहतं
आणि उमरेड रोड आपला आपण लिहू लागतो,
येणारे पांढरे, जाणारे लाल.
गाड्या उरत नाहीत, त्यांचं जाणं उरतं.
बिनहेल्मेटचे, तिघं बसलेले, उलट्या बाजूनं घुसलेले,
सगळे माफ.
वळताना इंडिकेटर लावणारा एखादाच सज्जन
पिवळे टाके घालत जातो.
एकदा एक ॲम्ब्युलन्स मेडिकलकडे गेली.
तिची निळी रेघ जागोजाग तुटलेली होती.
तो फोटो मी कोणाला दाखवत नाही.

उईके मागे उभे राहून बघतात.
एक दिवस म्हणाले,
"आमचा देवानंद इथूनच जाते बाप्पा, उमरेडचा कोळसा घेऊन.
मी वर हाय, मालूम हाय त्याले.
दोनदा हारन मारते."

मग दोन हॉर्न वाजले,
उघड्या शटरसमोरून.
चित्र उमटलं तेव्हा चष्मा कपाळावर सारून,
बोट काचेला न टेकवता, त्यांनी विचारलं,
"ह्यातली कोणती?"

साठ-सत्तर रेघा होत्या.
आवाज एकीलाही चिकटलेला नव्हता.
मी दुकानदार माणूस,
गिऱ्हाइकाला 'माहीत नाही' म्हणायची सवय नाही.
सगळ्यांत वरची दाखवली, जाड, मधे जराशी डगमगलेली.
ट्रकचे दिवे उंच असतात, एवढंच मला ठाऊक.

"ह्याले झोप येऊन राहिली असन," ते म्हणाले
आणि लगेच फोन काढला.
मग, गाडीवर असेल म्हणून,
तसाच मांडीवर ठेवून बसले.

मी कॅमेरा उत्तरेला वळवला.
कोराडीच्या चिमण्यांचे लाल ठिपके,
त्यांच्यावर शहराचा उजेड, पातळ ताकासारखा.
नागपुरात ध्रुव फार वर नसतो:
हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी.
"थे म्हातारीची खाट," उईके खाली बघतच म्हणाले,
"अन् थे तीन चोर. अजून नेता नाही आली त्यायले."

दीड तास. एकशे ऐंशी फोटो, एकावर एक.
सेन्सर तापला, अंधारात लाल-निळे दाणे आले
जे आकाशात कुठंच नव्हते.
दुसऱ्या दिवशी दुकानात ते खोडत बसलो.
खाटेच्या सात धनुकल्या झाल्या होत्या,
चोर तिच्यामागे अजून फिरतच होते,
आणि मधे एक ठिपका, जवळजवळ न हललेला.
पासपोर्टला चालला असता.

खालच्या कोपऱ्यात, कठड्याला टेकून, एक काळा आकार.
एवढं स्थिर माझ्यासमोर कोणी बसत नाही.
एकशे बेचाळिसाव्या फोटोत
त्याच्या मांडीवर उजेडाचा एक चौकोन पेटला आहे,
एकशे त्रेचाळिसाव्यात
कठड्याजवळ कोणी नाही.

तो चौकोन मी खोडला नाही.