रोजमेळ

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या तक्त्यात चौकटी फार बारीक.
शाहूपुरीतल्या अडत दुकानाची एक वही उरली होती घरात,
लाल कापडी बांधणीची, निम्मी कोरी.
तिच्यातच खातं उघडलं.
जमेला: हात चालला ते तास.
नावे: उरलेले.

सकाळी सहा. पहिली गोळी.
सहा चाळीसपर्यंत मी पलंगावरचं पोतं.
मग काहिलीतली उकळी खाली बसावी
तसं अंगठ्यात काहीतरी निवतं,
आणि शर्टाची बटणं मीच लावतो.
सव्वानऊला लिहिलेलं वाचता येतं.
अकराचं अक्षर मुंगीएवढं.
साडेअकराचं बघून पद्मावती म्हणते,
"हे काय, मोहरी सांडलीय न्हवं?"

चाळीस वर्षं गुळाच्या काट्यापुढं उभा होतो.
काटा आधी थरथरतो, मग थांबतो.
थांबला की आकडा बोलायचा.
थरथरत्या काट्यावर वजन सांगतो तो चोर,
असं कलगोंडाअण्णा शिकवून गेले.
हा उजवा हात आता थांबतच नाही,
तर मी आकडा कधी बोलू?

शेवटचा रकाना: मन. एक ते पाच.
गुळाची प्रत मी रवा फोडून सांगायचो,
रंग, कणी, जिभेवर येणारा खारटपणा.
मन कुठं फोडायचं?
मंगळवारी दोन लिहिलंय.
त्या दिवशी रंकाळ्यावर जाऊन आलो होतो,
ऊन चांगलं होतं, कुणी वाकडं बोललं नव्हतं.
तरी दोन.
बुधवारी चार,
आणि बुधवारी तर चहा दोनदा सांडला.
मेळ बसत नाही, म्हणालो.
बाई म्हणाल्या, बसवू नका. नुसतं लिहा.

आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवण.
पाचची गोळी, सहाचं ताट,
मधला तास रिकामा ठेवायचा,
डाळीचं आणि गोळीचं पटत नाही म्हणे.
पुसात सूर्य काही माझ्यासाठी थांबत नाही.
मी वहीत 'उपास' लिहितो.
पद्मावती ते खोडून 'हट्ट' लिहिते.

नात माझा चष्मा उलटा लावून
माझ्यासारखी पाय घासत चालून दाखवत होती.
आत मी खो खो हसत होतो.
ती एकदम थांबली.
"आज्जा, चिडलाईस?"
माल निघाला होता,
चेहऱ्यापर्यंत पोचलाच नाही.

शनिवारी न्हाणीच्या उंबऱ्यात पाय फरशीला चिकटले.
सन्मती मागून म्हणाला, चला की बाबा.
चला म्हटलं की जास्तच चिकटतात.
किती वेळ गेला कुणास ठाऊक,
नळाखाली बादली भरून वाहत होती.
मग तोंडातून आपोआप आलं, काट्यावरचं:
लाभ.
पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं.
डावा उचलला.
दोन. उजवा.
तीन, चार,
सातव्या मापाला मी बादलीपाशी.
सन्मती काही बोलला नाही, त्यानं नळ बंद केला.

काल रात्री मागची पानं चाळली.
माझ्या रकान्यांच्या बाहेर, समासात,
पेन्सिलीनं, पद्मावतीचं अक्षर:
'आज हसले. दिसलं नाही.'
'रात्री तीनला जागे होते. मी झोपल्याचं सोंग केलं.'
आणि एका ठिकाणी नुसतंच
'माझा गुडघा.'
त्यापुढं काही नाही.

दहा वाजले होते. गोळी उतरलेली.
नवं पान काढलं.
वर तिचं नाव घातलं, मुंग्यांच्या रांगेत,
तेवढ्याला पाव तास लागला.
खाली लिहिलं: गुडघा.
आकडा तिला विचारून टाकायचा.
सकाळी,
सहा चाळीसनंतर.