सावडताना

साकाताच्या दहनगृहात थोरली बहीण
लोखंडी तबकावर मांडून ठेवलेली,
अजून ऊबदार.
एकेक हाड दोघींनी मिळून काड्यांनी उचलायचं,
पावलांपासून वर वर,
म्हणजे मडक्यात ती डोक्यावर पडणार नाही.

ताएको शहाऐंशीची. भातशेतीत
हाडाची काडं केलेली बाई,
तरी मांडीचं हाड केवढं खणखणीत.
"फार चांगली हाडं," कर्मचारी आदबीनं म्हणाला.
भाचीनं माझ्याकडे पाहिलं, मग चटकन
काड्यांकडे.

मी एकोणतीस वर्षं यंत्रावर.
सोम, बुध, शुक्र, खिडकीजवळची खाट.
यंत्र युरिया नेतं, पाणी नेतं,
फॉस्फरस मात्र रेंगाळतो
जेवून न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.
मग गळ्यातल्या चार ग्रंथी, तांदळाएवढ्या,
फुगत गेल्या, हाडांकडे उधार मागत राहिल्या,
आणि हाडं देत राहिली.
दिलेलं परत आलं नाही.
ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जाऊन बसलं.
एक्स-रेत धमनी हाडासारखी पांढरी.
डॉक्टर काशिवागी ती दाखवताना
उगाच चष्मा पुसत होते.

आई वाळवलेले बारीक मासे
मुंडक्यासकट चावायला लावायची:
खा, हाडं होतील.
आता ते मासे मना, दूध मना,
जेवणागणिक खडूच्या चवीची गोळी.
चार सेंटिमीटर कुठे सांडले कळलं नाही;
एके दिवशी चहाचा डबा हाताला लागेना.
गेल्या हिवाळ्यात शिंकले आणि बरगडी मोडली.
नुसती शिंकले!
हसू आलं, पण हसताना दुखत होतं.

ग्रंथी शेवटी काढल्या.
एकीचे तुकडे उजव्या हातात, कातडीखाली पेरले,
पुन्हा माजल्या तर सहज कापता याव्यात म्हणून.
डाव्या हातात फिस्टुला घरघरतो.

सगळ्यात शेवटी त्यानं मानेतला मणका
तळहातावर धरला:
पाहा, मांडी घालून बसलेला बुद्ध.
ताएकोचा शाबूत होता, खांद्यांसकट.
माझा असेल का?
इतकी वर्षं चार सावकारांच्या शेजारी
बसून काढलीत त्यानं.

गाडीत मी युकिएला म्हटलं,
"माझ्या वेळी काड्या नकोत, चमचा आण."
"मावशी!" एवढंच म्हणाली.
मग घराच्या पायरीवर
माझं कोपर तिनं असं धरलं
जसं मघाशी ते हाड,
श्वास रोखून.

उद्या बुधवार. बस सातची.