हळद कोणी हलवली

मगदूम बाईंची कादंबरी टाइप करताना
मी दोनदा चुकलो, आणि दोन्ही वेळा मुद्दाम.

बाई पोस्टातून निवृत्त. अक्षर बारीक, शिक्क्यासारखं दाबलेलं.
दर दिवाळीआधी गणपती पेठेतल्या आमच्या छापखान्यात
पिशवीतून एक गुन्हा घेऊन येतात.
गुन्हा तसा सौम्यच:
रक्त नाही, किंकाळी नाही,
दोनशे पानांत नुसती जेवणं.

साल एकोणीसशे अकरा, संस्थानचा अंमल,
हरिपूरच्या वाटेवर गोदाक्का शिरगुप्पेची खानावळ.
अडते, हमाल, नवाकोरा फौजदार,
गोदाक्का कुणालाच काही विचारत नाही.
उष्टी ताटं उचलताना बघते,
कुणी भाकरी मोडली आणि खाल्ली नाही,
कुणाला आमटी अळणी लागली नाही.
खोटं बोलणाऱ्याला चव लागत नाही, म्हणते,
आणि फौजदाराला ताक वाढते.
यंदा सीलबंद पेवातून
चाळीस पोत्यांची हळद नाहीशी झालेली.

दुसऱ्या पिशवीत बाईंचं दुसरं दुकान.
ती पुस्तकं टोपणनावानं निघतात,
जावई बँकेत साहेब आहे म्हणून.
त्यात नेमगोंडा: पेवात उतरला
आणि वर आलाच नाही, असा हमाल.
आधी दोरीनं कंदील सोडायचा असतो,
ज्योत विझली तर माणूस उतरवायचा नसतो,
पण त्या दिवशी मालकाला घाई होती.
आता तो अमावस्येला नाही, बाजारादिवशी येतो.
गर्दीत कोण कुणाकडे बघतंय?
बारदान शिवणाऱ्या सुगंधाजवळ बसतो.
दाभण तिच्या बोटात गेला
की जखमेवर आपोआप हळद.
एवढाच प्रणय.
ते पान टाइप करून मी
खाली जाऊन चहा पिऊन आलो.

"भुताला घाम येतो का हो?"
बाईंनी एकदा चष्म्यावरून विचारलं.
म्हटलं, हमाल होता, येत असेल.
त्यांनी समासात लिहिलं: येतो.

मग ते ऑगस्टचं पाणी.
आयर्विन पुलावरचा आकडा फुटाफुटानं चढत गेला.
आम्ही यंत्रं उचलली, रिमं माळ्यावर टाकली,
बाईंच्या पिशव्या खालच्या फळीवर राहिल्या.
आठ दिवसांनी दार ढकललं तेव्हा
दोन्ही कादंबऱ्या एकमेकींना चिकटलेल्या,
आणि चोरीचं शेवटचं प्रकरण
निव्वळ गाळ.

फोन केला. बाई, चोर कोण होता?
बराच वेळ पलीकडून काही नाही.
मग म्हणाल्या, आठवत नाही हो.
लिहिताना माहीत होतं.

छापखान्यात सुतळीवर पानं वाळत घातली.
बाई खाली स्टुलावर, हातात पर्समधला आरसा,
कारण गोदाक्काच्या ताटांवर
सुगंधाची वाक्यं उलटी उमटली होती.
चार दिवस त्या आरशात वाचत बसल्या.
पाचव्या दिवशी माझंच पेन मागून घेतलं.

नव्या शेवटात गोदाक्का
पंगतीत एक पान जास्त मांडते.
कुणी बसत नाही. काठ तेवढा पिवळा होतो.
चोर सापडला, ती फौजदाराला सांगते,
पण बेडी घालायला मनगट नाही त्याला.
आणि माल? माल कृष्णेत गेला, मूठमूठ, रात्री.
पेव रिकामं असलं
की कुणाला उतरावं लागत नाही.

आता माझ्या चुका.
'कंदील विझला' तिथं मी 'विझत आला' केलं.
बाईंनी लाल रेघ मारली.
मेलेला तो मेलेला, म्हणाल्या, तिथं लबाडी नको.

शेवटच्या पानावर त्यांचं वाक्य होतं,
'ताट तसंच राहिलं.'
मी टाइप केलं, 'ताट रिकामं झालं.'
प्रूफ वाचताना पेन तिथं थांबलं,
कागदावर एक ठिपका मोठा होत गेला,
मग त्यांनी पान उलटलं.

पुस्तक दोहोंपैकी कुठल्या नावानं काढायचं,
ते अजून ठरलेलं नाही.